मॅन्टिस पाळायचा, तर पथ्यही पाळायचं

पाऊस सरला, तूर फुलोऱ्यात आली की भालकी, औराद, आळंद या पट्ट्यात मॅन्टिस दिसायला लागतो. कुंपणाच्या काटक्यांवर, तुरीच्या शेंड्यावर, रात्री हॉस्टेलच्या ट्यूबलाइटजवळ भिंतीवर. बोटभर लांब, हिरवा नाहीतर वाळल्या गवताच्या रंगाचा, तिकोनी डोकं, पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले. गावाकडे बहुतेक जण त्याला सरसकट नाकतोडाच म्हणतात. पण नाकतोडा पानं खातो आणि हा नाकतोड्याला खातो, एवढा फरक आहे.

हा किडा पाळायची हौस आता आपल्यापर्यंत पोचली आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून कुणी लोणच्याच्या बरणीत ठेवतो, कुणी प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडतो. माझ्या ओळखीतला एक जण तर पुढच्या पायरीवर गेलाय. त्याला नर-मादीची जोडी लावून पिल्लं काढायची आहेत आणि जमलं तर विकायची आहेत. मी घरी दोन हंगाम एकेक मॅन्टिस ठेवला होता हे माहीत असल्यामुळे तो मला विचारायला आला. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते. माझं मत असं आहे: मॅन्टिस पाळायला हरकत नाही. पण एकच पाळावा, इथलाच पाळावा आणि एका हंगामापुरता पाळावा. पैदास करू नये, विकत घेऊ नये, विकू नये.

आधी नावाबद्दल बोलू, कारण मी साहित्याची विद्यार्थिनी आहे आणि गोंधळाची सुरुवात नावातच होते. पुस्तकी मराठीत याला प्रार्थना कीटक म्हणतात. तमिळमध्ये ‘कुंबिडु पूच्चि’, म्हणजे हात जोडणारा किडा. मल्याळममध्येही त्याचं नाव जोडलेल्या हातांवरूनच पडलंय. जपानीत त्याचं एक नाव ‘ओगामी-मुशी’ आहे, तेही पूजा करणारा किडा अशाच अर्थाचं. फारसीत ‘आखुंदक’, छोटा मुल्ला. अरबीत तो नबीची घोडी आहे, तर आमचे कन्नड शेजारी त्याला ‘सूर्यन कुदुरे’, सूर्याचा घोडा म्हणतात. ‘मॅन्टिस’ हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ भविष्य सांगणारा, द्रष्टा. एवढ्या भाषांनी एका किड्याला देवळा-मशिदीच्या आसपास नेऊन बसवलं आहे.

आम्हा कॅथलिकांकडे तर त्याची एक दंतकथाच आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांना वाटेत हात जोडून चाललेला मॅन्टिस दिसला. त्यांनी त्याला देवाची स्तुती गायला सांगितलं आणि किड्याने खरंच स्तोत्र गायलं, अशी ती गोष्ट. झेवियर १५५२ साली वारले, त्यांचं शव आजही जुन्या गोव्यात आहे. गोष्ट मला आवडते, पण ती गोष्ट आहे. ते पुढचे पाय म्हणजे मॅन्टिसचा सापळा. आतल्या बाजूला करवतीसारखे काटे असतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते त्यात अडकलेलं असतं. हात जोडलेला प्रत्येक जण प्रार्थना करत नसतो, हे दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या मुलीला कुणी वेगळं सांगायला नको.

धार्मिकतेचा हा बुरखा उतरला की लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात: ही नवऱ्याला खाणारी बाई! मॅन्टिसच्या व्हिडिओंखाली निम्मे विनोद याच एका गोष्टीवर असतात. या प्रसिद्धीला फ्रान्सचे कीटकनिरीक्षक ज्याँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांचा मोठा हातभार आहे. ते तारेच्या जाळीखाली मॅन्टिस ठेवायचे. त्यांच्यासाठी नाकतोडे पकडून आणायला गल्लीतल्या पोरांना पाव आणि खरबुजाच्या फोडी द्यायचे. मॅन्टिस पाळणाऱ्या सगळ्यांचे ते आजोबाच म्हणायला हवेत. दोन आठवड्यांत एकाच मादीने सात नर खाल्ल्याचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पण पुढे काय झालं तेही वाचायला हवं. १९८७ साली लिस्के आणि डेव्हिस या अभ्यासकांनी चिनी मॅन्टिसच्या माद्यांना आधी पोटभर खाऊ घातलं, जवळ माणूस उभा राहणार नाही अशी व्यवस्था केली आणि कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यांना तीस जोड्यांत एकही नर खाल्लेला दिसला नाही. उलट नर-मादीची लांबलचक प्रणयाराधना दिसली. नर खाल्ले जातात हे खोटं नाही. उघड्यावरही ते घडतं, आणि २०१६ च्या एका अभ्यासात तर खाल्लेल्या नराच्या शरीरातलं पोषण मादीच्या अंड्यांपर्यंत पोचतं हेही दाखवलं गेलं. पण किती वेळा घडतं हे मादी किती भुकेली आहे, जागा किती अडचणीची आहे, नराला पळायला वाट आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे डब्यात आपण जे बघतो त्यातलं बरंचसं आपणच घडवलेलं असतं. माझ्या ओळखीतल्या त्या मुलाला मी पहिल्यांदा हेच म्हटलं: तू जोडी लावशील, डबा लहान असेल, मादी उपाशी असेल, नर मरेल आणि तू म्हणशील, बघा, निसर्ग किती क्रूर!

मग पाळायचाच कशाला? असं विचारणारेही आहेत. माझी आजी त्यातली. तिच्या मते देवाने मोकळा सोडलेला जीव कोंडणं हे पाप. तिचा मुद्दा पोपटाच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य आहे. पोपट मैलोन्मैल उडणारा, थव्याने राहणारा पक्षी. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे, तरी आमच्या बाजारपेठांच्या गावांत पिंजरे लटकलेले दिसतातच. मॅन्टिसचं आयुष्य वेगळं आहे. तो एका फांदीवर तासन्‌तास बसून वाट बघणारा शिकारी. बहुतेक जाती वर्षाच्या आत संपतात. पुरेशी उंच, हवेशीर बरणी, एक काटकी आणि वेळेवर भक्ष्य मिळालं, तर कोंडलेल्या पोपटाशी त्याची बरोबरी करता येत नाही. आजीला हे पटलेलं नाही. पण बरणीतला मॅन्टिस मान वळवून तिच्याकडे बघायचा तेव्हा तीही थांबून त्याच्याकडे बघायची, हे मी नोंदवून ठेवते.

मान वळवून बघणं ही त्याची खासियत. खोलीत आपण इकडून तिकडे गेलो की ते तिकोनी डोकं आपल्यामागे फिरतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅन्टिसच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने चिमुकले त्रिमितीय चष्मे चिकटवले, पडद्यावर भक्ष्याची चित्रं दाखवली आणि मॅन्टिसला अंतर खरंच कळतं हे सिद्ध केलं. (हे नित्यानंद बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले.) बऱ्याच जातींना कान एकच असतो, तोही छातीखाली, आणि त्याने वटवाघळाचा माणसाला न ऐकू येणारा आवाज कळतो. जगात मॅन्टिसच्या सुमारे २,४०० जाती आहेत, भारतात दीडशेहून जास्त नोंदल्या गेल्या आहेत. यातलं काहीच मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीतल्या बरणीमुळे मी वाचायला लागले.

म्हणून एक पाळा. पण नीट पाळा. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, कारण तो उलटा लटकून कात टाकतो. मोठा होईपर्यंत साधारण सहा ते नऊ वेळा. खाली सरकायला जागा नसेल तर नवं अंग वाकडं वाळतं आणि तो कायमचा अधू होतो. झाकणाऐवजी मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा, म्हणजे लटकायला पकड मिळते आणि हवाही. आत एक काटकी. दिवसाआड पाण्याचा हलका फवारा, तेवढे थेंब तो पितो. खायला जिवंत किडाच लागतो, त्याच्या अंगापेक्षा लहान. दोन-तीन दिवसांनी एक पुरतो. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडतो, तेव्हा आत सोडलेला रातकिडा बाहेर काढा, नाहीतर मऊ अंगाच्या मॅन्टिसलाच तो कुरतडतो. फवारलेल्या शेतातल्या माश्या देऊ नका आणि त्या खोलीत डासांची कॉइल लावू नका. पंख फुटून पूर्ण वाढ झाली की जिथे सापडला तिथेच, त्याच कुंपणावर सोडून या. त्याचं जोडीदार शोधायचं काम तो स्वतः करतो.

आता पैदाशीकडे येते. मादी फेस काढून त्यात अंडी घालते, फेस वाळून कडक थैली होते. एका थैलीतून जातीप्रमाणे काही डझनांपासून दोनशेच्या वर पिल्लं निघू शकतात. मुंगीएवढी पिल्लं, सगळी एकाच वेळी भुकेली. त्यांना पिकलेल्या केळ्यावरची चिलटं लागतात, शेकड्यांनी, रोज. थोडी मोठी झाली की बहुतेक जातींची पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बाटली. शंभर पिल्लं म्हणजे शंभर बाटल्या, शंभर फवारे आणि हॉस्टेलच्या खोलीत पिकलेल्या केळ्यांची घमघम. सेमिस्टरच्या परीक्षा त्याच सुमारास. बाहेरही त्यातली बहुतेक मरतात, हे खरं. पण तिथे ती मुंग्यांच्या, कोळ्यांच्या, पाली-सरड्यांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जातात, कुणाच्या तरी उपयोगी पडतात. आपल्या बाटलीत ती उपाशी मरतात आणि कचऱ्यात जातात. ती जन्माला यावीत असं आपण ठरवलं, म्हणून त्या मरणाचा हिशेबही आपल्याकडेच येतो.

पैदास करणाऱ्यांची एक बाजू मजबूत आहे, ती डावलणार नाही. ते म्हणतात, आम्ही पैदास केली नाही तर लोक रानातून पकडून आणतील. युरोपात हे खरंही आहे. व्हायोलिन मॅन्टिस हे याचं उत्तम उदाहरण. लांब काडीसारखी मान, पायांना पानांसारख्या झालरी, वाऱ्यावर डुलणारं वाळकं पानच. लिनिअसने १७५८ साली नाव दिलेली ही जात मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. आज जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतले हौशी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची घरात पैदास करतात. तिला कडक ऊन आणि उडणाऱ्या माश्या लागतात, म्हणून बिचारे दिवे लावून खोलीत कलबुर्गीचा उन्हाळा तयार करतात. एकत्र ठेवली तरी ही जात फारशी मारामारी करत नाही, म्हणूनही ती त्यांची लाडकी. दर वेळी भारतातून पकडून नेण्यापेक्षा त्यांनी तिथेच पैदास करणं केव्हाही बरं. पण आपल्याला तो कलबुर्गीचा उन्हाळा फुकट मिळालेला आहे! मॅन्टिस आपल्या बांधावर आहे. जे दाराबाहेर आपोआप जन्मतं त्याचा कारखाना खोलीत काढायचं कारण मला सापडत नाही. पैसा हे एकच कारण उरतं.

आणि पैशापाशी धोका सुरू होतो. एकदा विक्री आली की ‘आणखी वेगळं काही आहे का’ असं विचारणारं गिऱ्हाईक येतं, त्यामागून परदेशी जाती येतात. दक्षिण आफ्रिकेचा एक मॅन्टिस १९७८ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला पहिल्यांदा दिसला. तिथल्या मूळ जातीचे नर या परक्या मादीच्या गंधाने तिच्याकडे खेचले जातात आणि बहुतेकदा तिच्या तोंडी पडतात. नर असे फुकट गेले तर मूळ जात टिकायची कशी? उलट दिशेचा धोकाही आहे. २००८ साली दार्जिलिंगच्या सिंगलीला उद्यानाजवळ परवानगीशिवाय कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली होती आणि कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं होतं. आपल्या किड्यांना बाहेर किंमत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात परदेशी माणसाने ते नेण्यावर बंधनं आहेत. गंमत म्हणून पाठवलेलं एक पार्सल केवढ्याला पडेल, याचा विचार करा.

राहिला शेवटचा आणि आमच्या भागात हमखास येणारा मुद्दा: मॅन्टिस शेतकऱ्याचा मित्र आहे, पैदास करून तुरीत सोडले तर घाटे अळीचा बंदोबस्त होईल. ऐकायला फार छान वाटतं. मी तुरीच्या घरातली आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. म्हणून हे खरं निघावं असं मलाही वाटतं. पण मॅन्टिस मित्र-शत्रू बघत नाही. अळी खाईल तशी मधमाशी खाईल, फुलपाखरू खाईल, शेजारचा मॅन्टिसही खाईल. आणि अळी शेंगेत शिरली की तिच्यापर्यंत तो पोचतच नाही. अमेरिकेत चिनी मॅन्टिसच्या अंड्यांच्या थैल्या बागेतल्या किडीसाठी वर्षानुवर्षं विकल्या जातात. २०१७ साली अभ्यासकांनी जगभरातल्या नोंदी गोळा केल्या तेव्हा मॅन्टिसने पक्षी धरल्याच्या १४७ घटना निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेतल्या. बळी गेलेले पक्षी मुख्यतः हमिंगबर्ड.

आपल्या कर्नाटकातलं उदाहरण तर त्याहून भारी. राजेश पुट्टस्वामय्या यांनी एका गच्चीवरच्या बागेत बघितलं की एक मोठा नर मॅन्टिस छोट्या तळ्यातल्या पाणवनस्पतींच्या पानांवर येऊन बसतो आणि पाण्यातले गप्पी मासे पकडून खातो. पाच दिवसांत नऊ मासे. २०१८ साली हे शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं, आणि मॅन्टिस उघड्यावर अशी मासेमारी करतो याची ती पहिली शास्त्रीय नोंद मानली गेली. त्या मॅन्टिसला कुणी डब्यात ठेवलं नव्हतं. तो आपल्या मर्जीने यायचा, आपल्या मर्जीने जायचा, आणि बघणारा रोज संध्याकाळी चिकाटीने बघत होता. डब्यात आपण घालू तेवढंच तो खाणार. मासा पकडता येतो हे डब्याने आपल्याला कधीच सांगितलं नसतं.

तुरीवरच्या अळीला तोडगा आमच्याच शेतकऱ्यांनी काढला होता. या भागात तुरीची झाडं हलवून अळ्या खाली धरलेल्या कापडावर, ताडपत्रीवर पाडायची पद्धत होती. मेहनतीचं काम, पण त्यात मधमाशी मरत नाही, मॅन्टिसही नाही. आता वेळ कुणाला आहे? मजूर मिळत नाहीत, फवारणी सोपी पडते, आणि गेली काही वर्षं बांधावरचं गवतही तणनाशकाने जाळलं जातं. मादी अंड्यांची थैली चिकटवते ती बांधावरच्याच काटक्यांना, झुडपांना. आमच्या शेताचा एक बांध वडिलांनी माझ्या आग्रहाने जाळायचा ठेवला आहे. शेजारचे हसतात. मित्राच्या शंभर बाटल्यांपेक्षा त्या एका बांधावर जास्त मॅन्टिस जगतील, अशी माझी खात्री आहे.

मराठीत ‘पाळणं’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. आपण मांजर पाळतो, तसाच शब्द पाळतो, उपास पाळतो, पथ्य पाळतो. पहिल्या पाळण्यात जीव आपल्या ताब्यात असतो, बाकीच्यांत आपण कशाच्या तरी ताब्यात असतो. मॅन्टिस पाळणाऱ्याने दोन्ही एकदम करावं, एवढंच माझं म्हणणं. एकच ठेवायचं पथ्य. परत सोडायचा शब्द. विकायचा मोह आवरायचा उपास.

आणि मंडळाला एक सूचना. काही जणांनी कॉलेजात पैदाशीचं खोकं ठेवायची कल्पना मांडली आहे. त्याऐवजी कंपाउंडच्या मागची मेंदीची रांग माळीकाकांना सांगून एक वर्ष फवारणीशिवाय ठेवू या, आणि आठवड्यातून एकदा तिथे जाऊन जे दिसेल ते वहीत लिहू या. सोबत प्रत्येकाने आपल्या घरी, गावी या किड्याला काय म्हणतात ते विचारून यावं. आपल्या वर्गात मराठी आहे, कन्नड आहे, तेलुगू आहे, दखनी आहे, लंबाणी आहे. पुस्तकातलं एकच नाव घेऊन आपण किती दिवस काढणार? दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा. जमलेली सगळी नावं पुढच्या अंकात छापायची जबाबदारी माझी.